दुसऱ्यांदा येणारा पर्यटक

काही जण म्हणतात की किनाऱ्यावरची गावं जाहिरातीत मागे पडतात, म्हणून पर्यटक घटतात. मला नाही पटत. जाहिरात पाहून माणूस एकदा येतो. पुन्हा यायचं की नाही हे सार्वजनिक स्वच्छतागृहाच्या दारात ठरतं. कडी तुटलेली, नळ कोरडा, बाहेर वाळूने माखलेलं, कुडकुडणारं पोर घेऊन उभी असलेली आई. संध्याकाळपर्यंत थांबणारं ते कुटुंब दुपारीच गाडीत बसतं. गावाचा तेवढा धंदा गेला, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही.

या कड्या, नळ, कठडे खराब करणाऱ्या खाऱ्या हवेचा मुद्दा मात्र चर्चेत येतच नाही. तिच्यातल्या क्लोराइडमुळे, म्हणजे मिठातल्या एका घटकामुळे, लोखंड समुद्रापासून लांबच्या गावांपेक्षा फार लवकर गंजतं. कठड्याचा रंग वरून चकचकीत, पण बोल्टपाशी नख लावलं की पापुद्रे हातात येतात. ३०४ दर्जाचं, म्हणजे नेहमीच्या वापरातलं, स्टेनलेस स्टीलही तिथे डागाळतं. मॉलिब्डेनम हा धातू मिसळलेलं ३१६ दर्जाचं स्टील जास्त टिकतं. पण ते महाग, आणि पैसा मिळतो तो नव्या कामाला, देखभालीला नाही. (बोल्ट बदलताना फीत कापता येत नाही ना!)

म्हणूनच मला निकष पाळणाऱ्या किनाऱ्यांना मिळणाऱ्या ‘ब्ल्यू फ्लॅग’ या झेंड्याची पद्धत आवडते. १९८५ साली फ्रान्समध्ये सुरू झालेलं हे मानांकन एका हंगामापुरतंच असतं, दरवर्षी नव्याने अर्ज करावा लागतो. पाण्याच्या तपासणीचे निकाल किनाऱ्यावर लावावे लागतात, स्वच्छतागृहंही निकषांत येतात. निकष पाळले नाहीत तर झेंडा भर हंगामातही उतरवावा लागतो.