मदत हवी आहे : पॅरिसच्या रेसकोर्सवरच्या जुन्या फोटोंमधली बडी मंडळी ओळखायची आहेत

नमस्कार मंडळी,

एका परिचितांच्या संग्रहातले जुने फोटो स्कॅन करून त्यांची सूची करायचं काम माझ्याकडे आलंय. त्यातला एक गठ्ठा घोड्यांच्या शर्यतींचा. घोडे जेमतेम दोन-तीन फोटोंत, बाकी सगळ्या टोप्या, छत्र्या आणि मिशा! मागे पेन्सिलीने 'लाँगशाँ' किंवा 'ओतॉय' एवढंच लिहिलंय, म्हणजे पॅरिस नक्की. साल नाही, नाव नाही. कपड्यांवरून १९०५ ते १९१४ मधले असावेत.

अडलेय ती या चार फोटोंपाशी.

अ) लाँगशाँ. चांगलाच स्थूल, पांढऱ्या दाढीचा म्हातारा घोडागाडीतून उतरतोय. उंच टोपी, भोवती गणवेशातले अधिकारी. फोटोवरून शोधणाऱ्या अॅपने याला बेल्जियमचा राजा लिओपोल्ड ठरवलंय. मला पटत नाही, तो उंच आणि शिडशिडीत होता.

ब) लाँगशाँच. तीन तरुण बायका हातात हात घालून चालल्यात. झगे अंगाला घट्ट चिकटलेले, परकराचा फुगवटा अजिबात नाही. आजूबाजूचे पुरुष शर्यत सोडून यांच्याकडे माना वळवून बघतायत. एवढा थाट म्हणजे सरदार घराण्यातल्याच असणार ना?

क) ओतॉय. चार घोड्यांची उंच गाडी, टपावर दाटीवाटीने बसलेली मंडळी. लगाम एका रुबाबदार गृहस्थाच्या हातात, शेजारी मोठ्या टोपीतली बाई.

ड) जॉकी आणि बहुधा घोड्याचा मालक. जॉकीचा सदरा जवळजवळ काळा, टोपी पांढरट. त्या काळातल्या कुठल्या मालकाचे रंग काळा-पांढरा होते?

नावं कळली तर उत्तमच, नाहीतर शोधायचं कसं ते सांगा.

जुनाट कॅमेरा :
अ मधले गृहस्थ फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष आर्माँ फालिएर वाटतात. ते फेब्रुवारी १९०६ ते फेब्रुवारी १९१३ पदावर होते. त्यांच्या आधी लुबे, नंतर प्वाँकारे. प्वाँकारेंची दाढी आखूड आणि टोकदार, त्यामुळे तिथे घोळ होत नाही. लुबेंचीही दाढी पांढरी, तेव्हा त्यांच्या फोटोशी एकदा ताडून बघा. जूनच्या अखेरीस ग्राँ प्री द पारी ही मोठी शर्यत असायची आणि राष्ट्राध्यक्ष तिला हजेरी लावत. (२८ जून १९१४ ला प्वाँकारे याच शर्यतीला लाँगशाँवर असताना त्यांना साराएव्होत झालेल्या ऑस्ट्रियाच्या युवराजाच्या खुनाची बातमी कळली.)

पण घाई करू नका. १४ जुलैचं लष्करी संचलनही तेव्हा लाँगशाँवरच होत असे. भोवती गणवेश दिसतायत म्हणून म्हणतो. मागे जॉकी किंवा शर्यतीचे आकडे लावलेला फलक दिसतोय का, की सैनिकांच्या रांगा?

टापटीप :
ताई, ब बद्दल थोडी निराशा करते. सगळ्यात झोकात दिसणारी बाई बडीच असेल असं रेसकोर्सवर धरून चालता येत नाही. पॅरिसची फॅशनघरं आपले नवे कपडे घालून पगारी मॉडेल मुली शर्यतींना पाठवायची, कारण फोटोग्राफर आणि गिऱ्हाइकं दोन्ही तिथे आयतीच सापडायची. १९०८ मध्ये मार्गेन-लाक्र्वा या फॅशनघराच्या अशाच तिघीजणी घट्ट झग्यांत लाँगशाँवर आल्या आणि केवढा गहजब झाला! तुमच्या वर्णनावरून त्याच असाव्यात असा दाट संशय येतो. त्यांचे छापलेले फोटो मिळतात, झग्यांचे काठ आणि टोप्यांवरची पिसं जुळवून बघा. चेहऱ्यावर विसंबू नका, जाळीच्या बुरख्याखाली सगळ्याच सारख्या दिसतात. कान दिसत असेल तर तो जास्त कामाचा.

खऱ्या सरदारणी बऱ्याचदा कडेला, घरच्या माणसांसोबत असतात. मधोमध एकट्याने मिरवणारी दिसली की मी आधी फॅशनघराची मॉडेल मुलगी समजते.

लगाम :
क म्हणजे ओतॉयचा 'ड्रॅग'चा दिवस असू शकतो. ड्रॅग म्हणजे चार घोड्यांची खाजगी गाडी. जूनमध्ये हौशी धनिक या गाड्या स्वतः हाकत शर्यतीला मिरवत यायचे. तेव्हा लगाम धरलेला इसम गाडीवान नसून यजमान असण्याची शक्यता जास्त. अशा प्रसंगी कोण कोण आलं होतं याच्या याद्या 'ल फिगारो' आणि 'ल गोल्वा' या वर्तमानपत्रांच्या उच्चभ्रू सदरांत छापून यायच्या. फ्रेंच राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गालिका या संकेतस्थळावर दोन्हींचे जुने अंक फुकट वाचता येतात. आधी साल पक्कं करा, मग जूनचे अंक चाळा. चेहऱ्यांमागे धावण्यापेक्षा हे लवकर होतं.

जुनाट कॅमेरा :
ड राहिलाच. काळा-पांढरा शोधू नका! त्या वेळच्या काचेच्या प्लेटांना निळा रंग फार लवकर लागायचा आणि तांबडा जवळजवळ लागायचाच नाही. म्हणून निळं पांढरट उतरतं, तांबडं-नारिंगी काळपट. एदमाँ ब्लाँ या बड्या मालकाचा सदरा नारिंगी आणि टोपी निळी असायची, ती अशा प्लेटवर नेमकी तुम्ही म्हणता तशी दिसेल. एवढ्यावरून नाव लिहू नका, पण ब्लाँचे फोटो काढून त्या मालकाच्या चेहऱ्याशी ताडून बघा.

आणि फोटोंच्या कोपऱ्यात आकडे खरडलेत का? आजांस रोल या वृत्तसंस्थेच्या प्लेटांवर क्रमांक असतो आणि त्यांचा मोठा संग्रह गालिकावर नोंदींसकट आहे.

धागाकर्ती :
सगळ्यांचे आभार! अ मध्ये मागे जॉकी नाहीत, पण कठड्याला टेकून दुर्बिणी लावलेले लोक आहेत आणि दोघांच्या कोटाला पुठ्ठ्याचं तिकीट लटकतंय. म्हणजे शर्यतच म्हणायची का?

ब च्या खालच्या कोपऱ्यात खरंच आकडे आहेत, पण उलटे. पुरुषांच्या कोटाचा उजवा पदर डाव्यावर आलेला दिसतोय, म्हणजे प्रिंटच उलटी निघालेली दिसते. सरळ करून क्रमांक गालिकावर टाकते. क चं साल ठरवायला त्या बाईची टोपी पुरेल का? तिचा घेर खांद्यांच्याही बाहेर गेलाय. तेवढा फोटो मोठा करून खाली डकवतेय.