मदत हवी आहे: फाउंड्रीच्या प्लॅनिंगसाठी, मालकांना मीटिंगमध्येच आकडे बदलून बघता येतील अशी सिस्टीम

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत (लोखंडी ओतकामाचा कारखाना) पीपीसी, म्हणजे प्रॉडक्शन प्लॅनिंग आणि कंट्रोल बघतो. इंडक्शन फर्नेस (विजेवर मेटल वितळवणाऱ्या भट्ट्या) दोन, साचे करायची मोल्डिंग लाइन एकच, ग्रे आयर्न आणि एसजी (ग्रॅफाइट गोल असलेलं लोखंड) दोन्ही चालतं. ईआरपी आहे, रिपोर्ट पण ढीगभर निघतात, पण ते सगळे काल काय झालं तेवढंच सांगतात. मालकांना पाहिजे ते वेगळंच आहे. मीटिंग चालू असताना कस्टमरचा फोन येतो, या आठवड्यात दोन टन जादा द्या म्हणून, आणि मालक माझ्याकडं बघतात, घेऊया का? आता घेतलं तर कुणाचं डिस्पॅच मागं जाणार, ओव्हरटाइम लागणार का, कोअर शॉपला (साच्यातले वाळूचे गाभे करणारा विभाग) झेपणार का, हे तिथल्या तिथं स्क्रीनवर बघता आलं पाहिजे. मी संध्याकाळपर्यंत शीट करून देतो, तोवर हो म्हणून झालेलं असतं.

एक्सेलचा सॉल्व्हर (अटी पाळून सगळ्यात चांगला प्लॅन शोधणारं टूल) लावला, पण पार्ट, फर्नेस आणि शिफ्ट धरलं की २०० व्हेरिएबलची मर्यादा लगेच भरते. आणि खरी अडचण एसजीची. मॅग्नेशियम ट्रीटमेंट झाली की मेटल थांबवता येत नाही, वेळ गेला की मॅग्नेशियम उतरतं, ग्रॅफाइट गोल राहत नाही, म्हणजे लाइनवर बॉक्स (साचे) तयार नसतील तर लॅडलमधलं (ओतायच्या भांड्यातलं) अख्खं मेटल पिगमध्ये, म्हणजे परत वितळवायच्या लाद्यांत ओतायचं. शिवाय ग्रेवरून एसजीवर जाताना सल्फर बघावं लागतं, सारखी ग्रेड बदलून चालत नाही. शीटला मात्र टन म्हणजे टन. हे त्यात घालायचं कसं?

एका रेडीमेड सॉफ्टवेअरचा डेमो पण घेतला. बटण दाबलं की प्लॅन येतो, पण असाच का आला ते कळत नाही, आणि जे कळत नाही ते आमचा मेल्टिंगचा सुपरवायझर पाळणार नाही, त्याचं बरोबरच आहे.

प्रतिसाद:
भावा, ओपनसॉल्व्हर टाक. फुकट आहे, एक्सेलमध्येच बसतं, २०० ची अट नाही. ग्रेडसाठी ०/१ व्हेरिएबल घे: या फर्नेसला या शिफ्टला एसजी चालू असेल तर १, नाहीतर ०, आणि एसजीचे टन त्या ०/१ गुणिले शिफ्टच्या कपॅसिटीच्या आतच. ग्रेला १ वजा तो ०/१, गुणिले कपॅसिटी, म्हणजे एका शिफ्टला एका फर्नेसवर एकच ग्रेड. लॅडलची मिनिटं मॉडेलमध्ये घेऊ नको, ते काम फ्लोअरवरच्या माणसाचं, तू फक्त तासाचे एसजीचे टन लाइनच्या तासाच्या बॉक्सांत बसतील त्यापेक्षा जास्त होऊ देऊ नको. आणि ०/१ असताना सॉल्व्हर सेन्सिटिव्हिटी रिपोर्ट (अट थोडी सैल केली तर किती फरक पडतो ते) देत नाही, म्हणून ग्रेड फिक्स करून एकदा परत रन कर, मग शॅडो प्राइस मिळते, म्हणजे मोल्डिंगचा एक तास वाढला तर किती रुपये सुटतात ते. मालकांना तोच आकडा दाखव. गॉरी आणि स्कॉट मॉर्टन या मॅनेजमेंटच्या अभ्यासकांनी १९७१ सालीच मांडलंय, अर्धा हिशेब मशीनचा आणि अर्धा निर्णय माणसाचा असतो तिथंच अशी सिस्टीम कामाची.

धागाकर्ता:
लई आभार दादा, ०/१ चं डोक्यात बसलं, आजच लावतो. एक राहिलं. कुठला कस्टमर थांबेल आणि कुठला तुटेल हे मालकांच्या डोक्यात आहे, त्याला लेट पेनल्टीचा आकडा कसा द्यायचा? गोकुळ शिरगाव नाहीतर कागलकडं कुणी असं चालवत असेल तर सांगा, येऊन बघतो.