‘गळली तर सिलिकॉन मारा’ म्हणणाऱ्यांसाठी

काळीमाती
कालपासून एक पोस्ट फिरते आहे : "ॲम्बेसेडर, पद्मिनी, ओम्नी, कोणतीही जुनी गाडी असो. समोरची काच घरीच काढा-बसवा. आतून पायानं ढकला, जुनंच रबर चढवा, सुतळी ओढा, गळली तर सिलिकॉन मारा. अर्ध्या तासाचं काम. काचवाले फुकटचे पैसे घेतात." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. म्हणून हे लांबण.

रबरात बसणारी काच घरी बसते, यात वाद नाही. वाद त्यानंतरच्या प्रत्येक शब्दाशी आहे.

काढताना आधी वायपरचे आर्म आणि आतला आरसा काढा. रबरात चकाकती बीडिंग असेल तर ती जोडपट्टीपासून सैल करत या, स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटू नका. ॲल्युमिनियमची पट्टी एकदा मुडपली की पुन्हा सरळ होत नाही. रबर नवीन टाकणार असाल तर त्याची बाहेरची जीभ (पत्र्यावर येणारी पातळ कड) ब्लेडनं चारही बाजूंनी कापून टाका. मग काच तळहातानं सुटते, लाथा घालायचं काम पडत नाही. जीभ न कापता, वाळून दगड झालेल्या रबरावर पाय लावला की सगळा ताण एका कोपऱ्यात जातो आणि लॅमिनेटेड काच तिथूनच चिरते. मधोमध ती बराच दाब सोसते, कडेला नाही. ढकलायचंच तर वरच्या दोन कोपऱ्यांतून, सारख्या जोरानं, आणि बाहेर झेलायला माणूस हवाच.

आता त्या पोस्टमध्ये अजिबात नसलेली गोष्ट : पत्र्याची कड. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ रबराखाली जाऊन बसते आणि जूनमध्ये शिरलेली ओल दिवाळीपर्यंत धरून ठेवते. खालचे दोन कोपरे हमखास सडलेले निघतात. तारेच्या ब्रशनं चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासा, खड्ड्यांत उरलेल्या गंजाला फॉस्फोरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर लावा, मग इपॉक्सी प्रायमर. तो नसेल तर रेड ऑक्साइड, पण त्यावर रंगाचे दोन हात हवेतच. नुसतं रेड ऑक्साइड पाणी पितं. हे वाळायलाच एक दिवस जातो. कुठला अर्धा तास?

सुतळी तर नकोच. तागाचे तंतू रबरात अडकतात, ओली सुतळी नेमकी कोपऱ्यात तुटते. 4-5 मिलिमीटरची गुळगुळीत नायलॉन दोरी घ्या. रबर आधी काचेवर चढवा, रबराच्या पत्र्याकडच्या खाचेत दोरी फिरवा, दोन्ही टोकं खाली मधोमध वीतभर एकमेकांवरून जाऊ द्या. खाचेला साबणाचं पाणी. ग्रीस, डिझेल, रॉकेल नाही, त्यानं रबर फुगतं. आतला माणूस दोरी काचेला समांतर, मधल्या दिशेनं ओढतो. बाहेरचा नेमका त्याच जागी उघड्या तळहातानं थापटतो. आधी खालची बाजू, मग दोन्ही कडा, शेवटी वर.

आणि सिलिकॉन. हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या स्वस्त नळीला व्हिनेगरसारखा वास येतो तो ॲसेटिक ॲसिडचा. उघड्या पत्र्यावर ते लावणं म्हणजे गंजाला आवतण देणं.

दारव्हा_रोड
भाऊ, लिवलं झकास. पण हे नागपुरात बसून लिवल्यासारखं वाटून राह्यलं. पद्मिनीचं नवं रबर यवतमाळात कोण ठेवते? अन् मागवलं तं येते काय? सरळ पट्टी कापून गोल चिकटवलेलं. कोपरा साच्यातला नसते. त्या कोपऱ्यात रबर उभं राह्यते, जीभ वर उचलते, अन् तिथूनच पाणी. त्याच्यापेक्षा कंपनीचं जुनं रबर लाख पटीनं बरं. हाताला सोसल एवढ्या गरम पाण्यात अर्धा घंटा बुडवा, पुसा, ग्लिसरीन चोळा, उन्हात ठेवा. नरम येते. मंग चढवा.

सिलिकॉनचं म्हणान तं न्यूट्रल मिळते. त्याले तो आंबट वास नाही, पत्राही खात नाही. एक आंबट नळी पाहून साऱ्या सिलिकॉनले काहून शिव्या देता?

काळीमाती
नव्या रबराच्या कोपऱ्यांचं खरं आहे, तेवढं तुमचं. चिकटवलेलं रबर घ्यायचीच वेळ आली तर ते काचेच्या घेरापेक्षा दोनेक सेंटिमीटर जास्त कापायचं आणि ताणायचं नाही, उलट खाचेत मागं-मागं दाबत बसवायचं. रबर आटतं. ताणून बसवलं की वर्षभरात कोपऱ्यातून सुटतं.

पण जुनं रबर गरम पाण्यानं नरम ‘वाटतं’, तरुण होत नाही. दुमडून पाहा. घडीत बारीक भेगा दिसल्या की फेका. भेगा नसतील आणि चारही कोपरे काचेला टेकत असतील तरच वापरा. ग्लिसरीन आटलेल्या रबराची लांबी वाढवत नाही, दादा.

न्यूट्रल गंजवत नाही, मान्य. पण ते धुळकट रबराला चिकटत नाही, वर नुसती साय धरतं. मग पाणी एका बाजूनं शिरतं आणि सिलिकॉननं बाहेर पडायची वाट बंद केलेली असते. ते पत्र्यावरच साचतं. रबराला न वाळणारं काळं मास्टिक (फट भरायचा चिकट लगदा) लागतं, ब्यूटाइल जातीचं. नळीचं तोंड रबर आणि पत्रा यांच्या फटीत घालून फिरवायचं, वर लिंपायचं नाही. सांडलेलं रॉकेलच्या फडक्यानं पुसायचं. (हो, रॉकेल. पुसायला चालतं, भिजवायला नाही. आता यावरून सुरू होऊ नका.)

दारव्हा_रोड
सुरू कायले होईन. आधी रॉकेल नाही, आता रॉकेल चालते. चालू द्या तुमचं.

रेडऑक्साइड
दोघंही काचेला धरून बसलात. पायाशी पाणी आलं की लोक काचेला दोष देतात, आणि बऱ्याच गाड्यांत ते वायपरच्या दांड्याच्या रबरातून किंवा काचेखालच्या काउलमधून (बॉनेट आणि काच यांच्यामधला भोकांचा पत्रा) येतं. काउलच्या भोकांत कडुलिंबाचा पाला आणि माती बसली की तिथं डबकं होतं. आधी तपासा : आत टॉर्च घेऊन एक माणूस, बाहेर कमी दाबाचा पाइप. खालून वर जायचं. काउल, मग काचेची खालची कड, मग बाजू, शेवटी वर. प्रत्येक ठिकाणी दोन-तीन मिनिटं थांबा. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. आत थेंब दिसला ती जागा गळतीची असेलच असं नाही. पाणी कडेच्या आतून वाहत येऊन कोपऱ्यात पडतं.

दुसरं, सडलेल्या कडेवर डबल पत्रा मारून वर पुटी भरणारे डेंटर. रबराची खाच मूळ कडेच्या जाडीपुरती असते. कड जाड झाली की जीभ तिच्यावर बसतच नाही, मग कितीही दोरी ओढा. सडका तुकडा कापून तेवढाच नवा, टोकाला टोक लावून वेल्ड करायचा आणि ग्राइंडरनं सपाट करायचा.

आणि रबराचा जोड कुठं ठेवायचा हे कोणीच बोललं नाही. जोड वर मधोमध.

काळीमाती
वर? छपराचं सगळं पाणी तिथूनच उतरतं. जोड खाली मधोमध.

रेडऑक्साइड
वरून पाणी उतरतं, साचत नाही. साचतं खाली. तुमचा जोड पावसाळाभर पाण्यात बसलेला.

जीपवाला_मेळघाट
तुमच्या ॲम्बेसेडरची वरात झाली असेल तं जीपचं बोला. मेजर, कमांडर, एमएम 540, अर्धा मेळघाट यांच्यावर चालते. सपाट काच, सरळ फ्रेम. दोरी नाही, जोड नाही, कटकट नाही. ॲल्युमिनियम सेक्शनच्या दुकानात जा, 5 एमएमची खिडकीची काच मापानं कापून घ्या, बसवा. लॅमिनेटेडपेक्षा लय स्वस्त. गिट्टीच्या डंपरमागं चालणाऱ्या गाडीले महागडी काच कायले?

पारदर्शक
हे वाचून शांत बसवत नाही. खिडकीची साधी काच गाडीच्या समोर? फुटली की तिचे सुऱ्यासारखे लांब तुकडे होतात, आणि ते समोर बसलेल्याच्या गळ्याशी येतात. लॅमिनेटेडमध्ये दोन काचांच्या मध्ये पीव्हीबीचा (पारदर्शक प्लास्टिकचा) थर असतो, गाडीच्या काचेत साधारण 0.76 मिलिमीटरचा. काच फुटते पण तुकडे थराला धरून राहतात, डोकं बाहेर जात नाही. टफन्डचे (भट्टीत तापवून कडक केलेल्या काचेचे) निदान बोथट दाणे होतात. साध्या काचेला यातलं काहीच नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 100 वाचा, सेफ्टी ग्लासच हवी. काचेच्या कोपऱ्यात आयएस 2553 (भारतीय मानक) चा शिक्का शोधा. नसेल तर ती गाडीची काच नाही, देवघराच्या कपाटाची आहे.

जीपवाला_मेळघाट
शिक्का पाहाले धारणीत कोण उभा हाय? टफन्ड घ्या म्हणता, तं ती कापता येते काय? माझ्या मापाची कोण देईन?

पारदर्शक
टफन्ड कापता येत नाही, कटर लावला की सगळी दाणे होऊन खाली येते. ती मापानं कापून मग भट्टीत टफन करतात. म्हणून तर सपाट जीपला लॅमिनेटेडच सोयीची, ती गावातला काचवालाही कापू शकतो. एका बाजूनं कटरची रेघ, हलकेच तडकवायची. पालथी करून नेमक्या त्याच रेघेवर दुसऱ्या बाजूनं तसंच. आता दोन्ही काचा तुटल्या, मधला थर शिल्लक. रेघेत थोडं स्पिरिट सोडून पेटवायचं. थर मऊ होतो, काच किंचित ओढून फट केली की पातळ ब्लेडनं कापायचा. स्पिरिटची बाटली आधी दूर ठेवा. कड एमरी पेपरनं ओली घासा, कडेवरचा बारीक टवका पुढं चीर होतो. माप फ्रेमच्या खाचेपेक्षा चारही बाजूंनी 3 मिलिमीटर कमी ठेवा. जीपची फ्रेम पिळते, काच पत्र्याला टेकली की खड्ड्यात तडकणारच.

दारव्हा_रोड
हे बरं सांगतलं. पण दुकानदार टफन्ड देऊन लॅमिनेटेड म्हणते तवा ओळखाचं कसं?

पारदर्शक
कड पाहा. लॅमिनेटेडच्या कडेला मधून एक रेघ दिसते. कड रबरात लपली असेल तर पोलराइज्ड गॉगल लावून तिरपं बघा, टफन्डमध्ये ठिपके किंवा पट्टे दिसतात. आणखी एक, जुन्या गाडीत 5 एमएमची टफन्ड होती आणि आता 6 एमएमची लॅमिनेटेड आली तर रबराची खाच घट्ट होते. तिथं जुनं कडक रबर चालणारच नाही. यात काळीमातींची बाजू बरोबर, बाकी त्यांचा सूर नाही.

जीपवाला_मेळघाट
स्पिरिटचं पाहून घेतो. पण 3 एमएम कमी केली तं काच खडखड करन.

पारदर्शक
खाली दोन ठिकाणी, कोपऱ्यांपासून काचेच्या रुंदीच्या पावभागावर, रबराचे छोटे तुकडे ठेवा. काच त्यांच्यावर बसते. खडखड रबर सैल असल्यामुळं होते, काच लहान असल्यामुळं नाही.

पिठलं_भाकर
एवढं भांडून झालं असेल तर उन्हाचंही बोला की. मे महिन्यात अकोल्याकडं पारा 45 च्या वर जातो. उभ्या गाडीची तापलेली काच, त्यावर बादलीभर थंड पाणी मारून साबण लावणारे पाहिलेत मी. अंगावर आधीच बारीक टवका असेल तर ती चीर तिथंच पळते. काम सकाळी, सावलीत. उन्हात रबर इतकं लिबलिबीत होतं की दोरी त्याची जीभ कापते. थंडीत उलटं, रबर आधी उन्हाला टाकायचं आणि मग सावलीत आणून बसवायचं.

आणि ज्यांनी ती पोस्ट वाचून आधीच सिलिकॉन मारलंय त्यांचं काय?

रेडऑक्साइड
थिनरनं विरघळत नाही, उगाच रंग खराब कराल. रबर बाहेरून कापून काच काढा. पत्र्यावरचं प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडा, बोटानं चोळून गोळ्या करून काढा, मग 220 नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा. तरी कण राहिला तर वरचा रंग माशाच्या डोळ्यासारखा गोल-गोल फाटतो. म्हणून घासायच्या आधी पुसा आणि घासल्यावर पुन्हा स्वच्छ फडक्यानं पुसा. तेच फडकं फिरवत बसू नका.

दारव्हा_रोड
बरं बापा, सिलिकॉन सोडलं. मास्टिकची नळी आमच्याकडं कोणत्या नावानं मागाची ते सांगा, नाहीतं दुकानदार पुन्हा आंबटच हातात देईन.

काळीमाती
‘काचेच्या रबराचं काळं ब्यूटाइल मास्टिक, न वाळणारं’ असं म्हणा. बोटावर घेऊन रात्रभर ठेवा. सकाळी वर साय आली पण आत चिकट असेल तर घ्या. पूर्ण रबर झालं असेल तर ते पीयू (पॉलियुरेथेन) किंवा सिलिकॉन, परत करा. पीयू चिकटवलेल्या काचांच्या नव्या गाड्यांसाठी, तुमची पद्मिनी त्यातली नाही.

रेडऑक्साइड
आणि जोड वर.