मदत हवी आहे: अरुंद जिन्यावरून पेशंट खाली कसा आणता?

मी रुग्णवाहिकेवर डॉक्टर आहे, सोबत फक्त पायलट, म्हणजे गाडीचा चालक. परवा रात्री जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर कॉल. आजोबा नव्वद किलोचे, छातीत कळ, दरदरून घाम. अशा पेशंटला एक पायरीही चालवायची नाही, पण आजोबा "मी येतो की चालत" म्हणत चपला शोधतायत! वळणावर स्ट्रेचर अडकलं. मग घरच्यांच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चादरीने बांधलं. दुसऱ्या मजल्यावर खुर्चीचा पाय मोडला. शेजारच्या पोरांनी झेललं म्हणून निभावलं. माझी कंबर अजून धरलेली आहे.

जिन्यासाठीची घडीची खुर्ची कोणी वापरली आहे का? दोघांत जमते? नसेल तर जाड कापडाची, कडेला मुठी असलेली झोळी शिवून घेऊ का? शिंप्याला कुठलं कापड सांगू?