फ्लशला पिण्याचं पाणी कशाला?

निवळी:
शुद्ध केलेलं, क्लोरीन घातलेलं पाणी आपण संडासात ओततो, हे मला आता पाहवत नाही. जुन्या टाकीतून एका फ्लशला ९ ते १३ लिटर जातं, आणि तिथेच शेजारी आंघोळीचं पाणी मोरीतून वाहून जातं. मी वर्षभर वॉशिंग मशीनचा पाइप पिंपात सोडतेय. कपडे शेवटचे खळबळल्यावरचं पाणी बऱ्यापैकी नितळ असतं. फ्लश आणि फरशी त्यावरच भागते. नव्या बांधकामात मोरीची आणि संडासाची लाइन वेगळी ठेवण्याची सक्ती हवी.

ठिपका:
सक्तीला माझा ठाम विरोध. मीही पिंप भरून पाहिलंय. दोन दिवस बाहेर होतो. परत येऊन झाकण काढलं तर कुजका वास, वर राखाडी साय, कडेला बुळबुळीत थर. असं पाणी चोवीस तासांच्या आत वापरून टाकावं लागतं, कारण त्यातल्या मळावर जिवाणू झपाट्याने वाढतात. घरोघरी हे कोण सांभाळणार? एखाद्या प्लंबरने चुकून ही लाइन पिण्याच्या लाइनीला जोडली तर ते पाणी थेट पिण्याच्या नळाला येईल. हे काम शहराचंच. सिंगापूर २००३ पासून सांडपाणी सूक्ष्म गाळणी, आरओ आणि अतिनील किरणांतून शुद्ध करतंय. त्यातलं बरंचसं कारखान्यांना जातं, थोडं धरणात सोडलं जातं.

पन्हळ:
मग पुढचा प्रश्नही घ्या: ते पाणी प्यायचं का? नामिबियातलं विंडहोक १९६८ पासून शुद्ध केलेलं सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळतंय. उलट ऑस्ट्रेलियातल्या टूवूम्बाने दुष्काळाच्या दिवसांत, २००६ मध्ये, मतदान घेऊन असा प्रस्ताव नाकारला. केवळ किळस येते म्हणून नाही म्हणणं मला पटत नाही.

ठिपका:
किळस म्हणून ती उडवून लावू नका. औषधांचे अंश, रसायनं यांची भीती रास्त आहे. रोजच्या तपासणीचे आकडे लोकांसमोर ठेवा, विश्वास त्यातूनच बसेल.

निवळी:
आकडे उघडे हवेत, हे मान्यच. पण शहर प्रकल्प उभारेपर्यंत घरात काहीच करायचं नाही का? वासाचं तुमचं खरं आहे, म्हणून मी साठवत नाही, त्याच दिवशी संपवते. स्वयंपाकघरातलं तेलकट पाणी त्यात घेतच नाही. झाडांच्या बाबतीत मात्र माझी चूक झाली: डिटर्जंटचं पाणी घालत राहिले आणि पानांच्या कडा करपल्या. आता त्यांना फक्त भाज्या धुतलेलं पाणी. घरच्या आरओतून बाहेर टाकलं जाणारं वाया पाणीही क्षारांचं, तेही फरशीलाच.
आणि सक्ती मी वापराची मागत नाहीये, फक्त पाइपांची. भिंत उभी राहताना दुसरा पाइप टाकणं सोपं आहे. नंतर टाइल्स फोडायला कुणी तयार होत नाही.

ठिपका:
तेवढ्याला माझी हरकत नाही. पण दुसरी लाइन वेगळ्या रंगाची हवी. काही देशांत अशा पाण्याचा पाइप जांभळाच असतो. आणि तिची देखभाल कोण करणार, हे इमारतीच्या कागदपत्रांत आधीच लिहिलेलं असावं.