रत्न की काटा?

मंदार (बी ४०२): नेहा, पैज हरलीस! जीन वुल्फची चार भागांची विज्ञान कादंबरी, ‘बुक ऑफ द न्यू सन’, काल रात्री अडीचला संपवली. तू म्हणतेस तसा चमत्कार त्या ‘क्लॉ’ (नखी) नावाच्या रत्नात नाहीच, मेलेल्याला उठवतो तो सेव्हेरियन स्वतः. तिसऱ्या भागात रत्न फुटतं आणि आतून निघतो काळा काटा. चौथ्यात समुद्रकाठच्या झुडपाचा काटा त्याला रुततो, तोही हुबेहूब तसाच.

नेहा (ए १०४): हे सगळं सांगतोय कोण? सेव्हेरियनच ना! ‘मी काही म्हणजे काही विसरत नाही’ म्हणणाऱ्या माणसाच्या शब्दावर मी पैज हरणार नाही. आणि स्पॉयलर कशाला देतोस रे?

मंदार: १९८३ साली संपलेल्या गोष्टीचा कसला स्पॉयलर 😄

शैलाकाकू (सी ३०१): अरे, हा सेव्हेरियन कोण ते तरी सांगा.

मंदार: काकू, छळ करणाऱ्यांच्या संघातला शिकाऊ पोरगा. लाखो वर्षांनंतरची पृथ्वी, सूर्य विझत आलाय. ही मंडळी राहतात तो बुरूज म्हणजे जुनं रॉकेट आहे, पण आता ते कुणाच्या लक्षातही नाही.

रॉबर्टकाका (बी १०२): काटा म्हटलं की आम्हाला येशूचा काट्यांचा मुकुटच आठवणार. वुल्फ लग्नाच्या निमित्ताने कॅथलिक झाला होता. त्याचं एक निरीक्षण मला फार आवडतं: येशू सुतार होता हे सगळे सांगतात, पण क्रूस बनवणाराही सुतारच असणार, हे कुणी बोलत नाही. छळणाऱ्याला नायक का केलं, ते मला तिथे कळलं.

रॉबर्टकाका: आणि ईस्टरच्या आदल्या रात्री आमच्या वसईत चर्चचे दिवे मालवतात. बाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावर एक मोठी मेणबत्ती, तिच्यावरून सगळ्यांच्या. ‘न्यू सन’ वाचताना मला तेच दिसत होतं. इंग्रजीत सन म्हणजे सूर्य आणि सन म्हणजे पुत्र, कानाला एकच.

नेहा: काका, पण वुल्फनेच मुलाखतीत सांगितलंय की सेव्हेरियन ख्रिस्त नाही, फक्त ख्रिस्ती माणूस आहे.

मंदार: मग काळाचं काय? ते गोष्टीतले दुसऱ्या जगातून आलेले तिघे, बार्बेटस वगैरे, उलट्या काळात जगतात. सेव्हेरियनची त्यांच्याशी पहिली भेट ती त्यांच्या बाजूने शेवटची. माझी थिअरी अशी: नवा सूर्य अजून पोचलेला नाही, पण त्याची शक्ती आधीच सेव्हेरियनच्या हातात. उजेड दिव्याच्या आधी येतो.

शैलाकाकू: आणि नवा सूर्य येतो कुठून?

मंदार: जुन्याच्या पोटात कृष्णविवर आहे. त्यावर उतारा म्हणून ‘व्हाइट फाउंटन’ आणायचा.

शैलाकाकू: म्हणजे श्वेतविवर! कृष्णविवराच्या उलट, सगळं बाहेर फेकणारं. आपल्या जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये सहकाऱ्यांबरोबर ‘नेचर’मध्ये त्यावरच निबंध लिहिला होता. त्याच वर्षी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांची ‘कृष्णविवर’ कथा पहिली आली, तीही नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. आद्याक्षरं उलटी वाचून बघा. वुल्फने निबंध वाचला असेल असं मी म्हणत नाही हं.

नेहा: सगळं ख्रिस्ती म्हणणाऱ्यांसाठी: नंतर आलेल्या पाचव्या पुस्तकात (१९८७) नवा सूर्य येतो, जग बुडतं, आणि उरलेल्या पृथ्वीचं नाव काय? उषस्! ऋग्वेदातली पहाटेची देवी.

रॉबर्टकाका: 👏 पाचवं मी वाचलंच नाही.

नेहा: अय्यो, सॉरी काका 🙈

मंदार: बघा, स्पॉयलर कोण देतंय! तरी काट्याचं माझंच खरं. तो काटा सापडल्यावर सेव्हेरियन बूट काढून समुद्रात फेकतो, पवित्र जमिनीवर पायताण नको म्हणून. आता प्रत्येकच काटा पवित्र.

शैलाकाकू: हे मात्र आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पण चपला फेकून कोण देतं बाई, आपण बाहेर काढून ठेवतो.

सेक्रेटरी: ग्रुप सोसायटीच्या कामापुरता आहे. सी विंगची टाकी उद्या धुणार, ९ ते १ पाणी नाही.

सेक्रेटरी: मंदार, पहिला भाग आहे का तुझ्याकडे?