काळ्या टी-शर्टवर पांढरी छपाई : तूस चिकटते आणि स्क्रीनची जाळी बुजते, मदत हवी आहे

दोंडाईचेकर : नमस्कार. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते. तेथील स्वयंसेवकांसाठी ३०० टी-शर्ट छापून द्यायचे आहेत. पहिल्या ६० नगांपैकी २२ वाया गेले. अक्षरांत केसासारखे तूस अडकते आणि दहा-बारा शर्ट झाले की बारीक अक्षरे अर्धवट उमटतात. गिऱ्हाईक रोज फोन करते. कृपया थेट उपाय सांगावा. गेली १४ वर्षे मी लग्नपत्रिका छापतो आहे, त्यामुळे स्क्रीन म्हणजे काय हे समजावण्याची आवश्यकता नाही.

जाळीवाला : शाई कोणती, कापड कोणते आणि जाळी किती मेशची (एका इंचात किती धागे), यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही. पत्रिकेची ३०० च्या आसपासची जाळीच शर्टाला लावली असेल, तर पांढरी शाई तीतून उतरणार कशी?

दोंडाईचेकर : शाई अर्थातच खादी, म्हणजे कापडावरची पाण्यातली शाई, ती पक्की करणारा फिक्सर घालून. जाळी १०० मेशची, नवी आहे. कापड सुती, घाऊक बाजारातील स्वस्त माल.

भुसावळचा छापखाना : खादी सोडा आणि प्लास्टिसोल, म्हणजे उष्णतेनेच पक्की होणारी शाई, घ्या. ती हवेत वाळतच नाही, त्यामुळे तासभर जेवून आलात तरी जाळी मोकळी राहते.

जाळीवाला : भाऊ, हे अर्धेच सत्य झाले. प्लास्टिसोलच्या थराला आतपर्यंत सुमारे १६० अंश उष्णता मिळाली नाही, तर दोन धुण्यांत ती भेगाळते. शिवाय कापडातून उभे राहिलेले तूस शाई बदलल्याने बसणार आहे का?

भुसावळचा छापखाना : हीट प्रेस असेल तर ते सहज जमते. मी रोज करतो.

तापीकाठ : वाद नंतर करावा. दोंडाईचेकर, वाया गेलेले पाच-सहा शर्ट एकावर एक ठेवून पाहा. डाग प्रत्येक शर्टावर एकाच जागी असेल, तर तंतू जाळीच्या खालच्या अंगाला चिकटलेला आहे. जागा बदलत असेल, तर तो कापडावरून किंवा हवेतून येतो.

घाऊक टी-शर्ट : आजकाल डीटीएफ (फिल्मवर छापून उष्णतेने शर्टावर उतरवणे) करून घ्यावे, जाळीची कटकटच नको. दर विचारा.

जाळीवाला : दर कोणी विचारला होता?

दोंडाईचेकर : पाहिले. चारांवर जागा वेगवेगळी, दोघांवर मात्र ‘सेवक’मधील ‘क’च्या पोटात तोच तंतू. आणखी एक सांगायचे राहिले. शर्ट लवकर वाळावेत म्हणून टेबलाशेजारी पंखा लावतो, आणि मागच्या बोळात कापसातून सरकी काढणारे जिनिंग आहे.

तापीकाठ : हे पहिल्याच ओळीत यायला हवे होते! हंगामात जिनिंगचे तूस खिडकीतून आत येते, पंखा ते ओल्या शाईवर आणून टाकतो आणि तोच वारा जाळीतल्या खादीतील पाणी उडवून बारीक अक्षरे बुजवतो. पंखा बंद करा, वाळवण्याची दोरी दुसऱ्या खोलीत न्या. प्रत्येक ओढीनंतर स्क्वीजीने (शाई ओढायच्या रबरी पट्टीने) जाळीवर शाईचा पातळ थर पसरून ठेवा, म्हणजे छिद्रे उघडी पडणार नाहीत. फिक्सर घातलेली शाई तासाभरात संपेल एवढीच कालवा. ती नंतर घट्ट होते. स्वस्त सुतात आखूड तंतू अधिक असतात, म्हणून शर्ट टेबलावर ठेवण्यापूर्वी चिकट रोलर फिरवून घ्या. शक्य असल्यास हीट प्रेसने पाच सेकंद दाबा, उभी लव बसते.

भुसावळचा छापखाना : आणि शर्ट धरून ठेवणारा टेबलाचा गम? आमच्याकडे त्यावरच तूस साचत असे, आणि आधीच्या शर्टाचा मळ नंतरच्याच्या नावावर जात असे. दर वीस-पंचवीस शर्टांनी तो पुसून नव्याने लावावा.

जाळीवाला : हे मात्र मान्य.

दोंडाईचेकर : पंखा बंद केला, खिडकीला ओले धोतर बांधले, जाळी दर दहा शर्टांनी ओल्या फडक्याने खालून पुसली. आज ८० छापले, ३ खराब. त्यातील एकावर तूस नव्हते, माझ्याच अंगठ्याचा ठसा होता. हीट प्रेस नाही. घरची इस्त्री चालेल का?

तापीकाठ : लव बसवायला चालेल, वाफ बंद ठेवा. पण छापल्यानंतर पक्के करायचे असेल, तर अक्षरांवर कागद ठेवूनच फिरवा.